किब्ल्याची रेघ

“भाभीच्या फोनात मक्का पोलादपूरला गेली,” चाचा म्हणाले, आणि खोलीतले सगळे पुरुष हसले.

भाभी म्हणजे माझी आई. ती हसली नाही. तिने ओढणीच्या टोकाने फोनची काच पुसली आणि फोन पुन्हा तळहातावर आडवा धरला. किब्ला, म्हणजे काबेची दिशा, दाखवणारा बाण डुगडुगला आणि पुन्हा पोलादपूरच्या डोंगरांकडेच वळला. मी दाराबाहेर विटांच्या ढिगाजवळ उभी होते. बाण का चुकतोय ते मला कळत होतं, पण आत जाऊन ते सांगणं माझ्याच्याने झालं नाही.

ती खोली बायकांच्या नमाजासाठी होती. महाडजवळच्या आमच्या गावात मशीद खाली नदीच्या अंगाला आहे आणि आमची वस्ती हायवे ओलांडून वर. रमजानमध्ये बायका रात्रीच्या तरावीहच्या नमाजाला कुणाच्या तरी घरी जमायच्या; तिथले सोफे भिंतीला उभे करायचे, टीव्हीवर चादर टाकायची. आई आणि तिच्या मैत्रिणींनी कित्येक वर्षं मशिदीचा कारभार बघणाऱ्या जमातीकडे एक खोली मागितली. आता भिंती उभ्या होत्या, वर छपराच्या लोखंडी कैच्या बसल्या होत्या, फक्त पत्रे चढायचे होते. आणि फरशी. पांढऱ्या फरशीत काळ्या पट्ट्या येणार होत्या. एक पट्टी म्हणजे नमाजाची एक रांग, आणि ती काबेच्या दिशेला बरोबर काटकोनात हवी. सिमेंटमध्ये एकदा बसली की पुढच्या कित्येक बायका त्याच पट्टीवर उभ्या राहणार.

म्हणून सगळे आपापला फोन घेऊन आले होते. अब्बांच्या फोनात किब्ला कोपऱ्यात निघाला, कुवेतहून सुट्टीवर आलेल्या चुलतभावाच्या फोनात खिडकीत. ज्याचा फोन महाग त्याचा किब्ला खरा, असं चुलतभावाचं म्हणणं दिसत होतं. ते बाकीच्यांना पटेना. शेवटी चाचांनी, ते जमातीचे अध्यक्ष आहेत, निकाल दिला. फोन खिशात घाला, मशीनवर दीन, आपला धर्म, चालत नाही, फरशी भिंतीला धरून लावा, अल्ला नियत बघतो.

भिंत प्लॉटला धरून बांधली होती आणि प्लॉट हायवेला धरून पाडला होता. म्हणजे आमच्या बायका हायवेच्या हिशेबाने नमाज पढणार होत्या.

घरी आल्यावर आई कांदा चिरायला बसली. चिरता चिरता एकदम म्हणाली, “खालच्या मशिदीचा किब्ला तपासाया मुंबईहून माणूस आणलेला यांनी. तवा नियत कमी पडत व्हती काय?”

मी तेव्हा तिला सांगितलं. हळू आवाजात, फ्रीजकडे बघत. फोनच्या आत होकायंत्र असतं आणि डोक्यावर एवढं लोखंड असलं की ते भरकटतं. फोन नको असतील तर नकोत. वर्षातून दोनदा सूर्य काबेच्या नेमका डोक्यावर येतो. त्या क्षणी जगात जिथे जिथे ऊन असेल तिथे तिथे सूर्याकडे तोंड केलं की काबेकडे तोंड झालं. त्यातला एक दिवस मेच्या अखेरीस येतो, आणि तो परवावर आला होता.

आईने सुरी खाली ठेवली. हे तू तिथे का नाही बोललीस, असं तिने विचारलं नाही. तिला ठाऊक आहे. माझ्या सगळ्या चुलतबहिणी उर्दू शाळेत शिकल्या, मी एकटी महाडच्या इंग्लिश मीडियममध्ये. उर्दू मी बोट ठेवून अडखळत वाचते. त्यामुळे दीनच्या गोष्टींत मला कुणी मोजत नाही. कॉलेजात फिजिक्स घेतलं तर तिथे एका मैत्रिणीने अगदी मायेने विचारलं होतं, “तुमच्यात सायन्स चालतं?” मी डबा उघडून तिच्यापुढे सरकवला होता.

आई दुसऱ्याच दिवशी चाचांकडे गेली. मी तिच्या मागे उभी होते. चाचांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “गो भाभी, पोरगी सायन्स शिकली ते बरा झाला. आता दीन पण तीच शिकवणार काय?”

मौलाना तिथेच चहा पीत बसले होते. बाहेरगावचे आहेत, वयाने तरुण, एरवी जमातीच्या भानगडीत पडत नाहीत. कप खाली न ठेवता ते चाचांना म्हणाले, “सदर साहब, ये तो हमारी किताबों में है।”

मग ते बोलतच राहिले. जुन्या काळी बगदादकडच्या विद्वानांनी किब्ला काढण्यासाठीच गोलावरच्या त्रिकोणांची गणितं मांडली होती, चंद्र-सूर्याची कोष्टकं केली होती, आणि त्यांच्यातले कितीतरी पाच वक्त नमाज पढणारे होते. माझ्या ट्रिगनॉमेट्रीच्या पुस्तकात हे कुठेच नव्हतं. मौलानांच्या पुस्तकांपर्यंत माझी उर्दू पोचत नव्हती. दोन कपाटांच्या मध्ये पडलेली माझीच वस्तू कुणीतरी उचलून हातात दिल्यासारखं वाटलं.

चाचा एवढंच म्हणाले की ठीक हाय, उद्या बघू, पण परवा पत्रे चढणार म्हणजे चढणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी जोहरची नमाज झाल्यावर सगळे वर आले. बायका आधीच येऊन भिंतीच्या कडेने बसल्या होत्या. गवंड्याने कैचीला ओळंबा बांधून खाली सोडला. दोरीची सावली जमिनीवर पडली, बारीक आणि काळी. मी मोबाइलमध्ये वेळ बघत दारातच थांबले. आणि महाबळेश्वरच्या घाटाकडून ढग आले. मेमध्ये दुपारी येतात तसेच, पण त्या दिवशी मला ते मुद्दाम आल्यासारखे वाटले. सावली फिकट झाली, मग गेली. चुलतभाव म्हणाला, “अब क्या, टॉर्च मारू?” कुणीतरी हसलं. आई हसली नाही, उठलीही नाही. तिच्या मैत्रिणी ओठांतल्या ओठांत काहीतरी पढत होत्या.

वेळ भरायला थोडीच मिनिटं उरली असताना ढगाला भोक पडलं. दोरीची सावली परत आली, आधीपेक्षा ठसठशीत. वेळ भरताच मी आईला मान हलवून खूण केली, आईने गवंड्याला हाक मारली, आणि त्याने सावलीवर खडूची दोरी ताणून फटकारली. निळी रेघ उठली. चाचा रेघेवर जाऊन उभे राहिले, सावलीच्या टोकाकडे तोंड करून, हात बांधून. आई म्हणाली, “भाईजी, तो महाबळेश्वर. सूर्याकडं वळा.” बायका अशा हसल्या की कैचीवर बसलेले कावळे उडाले.

मग चुलतभावाला राहवेना. त्याने रेघ दारातून सरळ बाहेर वाढवून घेतली, पार मोकळ्या मैदानापर्यंत, लोखंडापासून लांब. तिथे त्याने आपला कुवेतचा फोन रेघेवर ठेवला. बाण रेघेवर येऊन थांबला. अब्बांचा फोन ठेवला, तसाच. आईचा जुना, तडा गेलेला फोन ठेवला. तोही तसाच. मौलाना मोठ्याने “सुब्हानअल्लाह” म्हणाले आणि बायकांच्या रांगेतून तेच उत्तर आलं.

चाचा रेघेकडे बघत राहिले. मग ते माझ्याशी बोलले, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून. फरशी म्हणजे कायमची गोष्ट, घाई नको, तूच म्हणतेस वर्षातून दोनदा होतं, तर जुलैत परत एकदा बघून मग लावू.

सगळे माझ्याकडे वळले. पुरुष, बायका, ओळंबा सोडायला कैचीवर चढलेला गवंडी. मी दारातून आत आले आणि रेघेवर उभी राहिले.

“जुलैत आपल्याकडं सूर्य दिसतो काय, चाचा? रेघ बरोबर हाय, मी सांगते. फरशी लावायला घ्या.”