निळा मासा, हिरवा मासा

"गोड्या पाण्यासाठी हिरवा आणि खाऱ्या पाण्यासाठी निळा," निनाद म्हणाला. पडद्यावर एक प्लास्टिकचा मासा स्वतःभोवती गोल फिरत होता. आधी तो हिरवा होता, मग निळा झाला. "मोल्ड एकच, पेंट दोन. मार्केट डबल."

बर्वेसाहेबांनी मान डोलावली. साहेब आमच्या भोसरीच्या कारखान्याचे मालक आणि निनाद त्यांचा भाचा. एमबीए करून आला होता आणि आल्या आल्या बिझनेस डेव्हलपमेंट हेड झाला होता. त्याच्या आधी आमच्याकडे बिझनेस होता, पण त्याला हेड नव्हतं.

मी त्या कारखान्यात टूल डिझायनर होते. टूल म्हणजे साचा. पोलादाचे दोन ठोकळे असतात, त्यांच्यामधल्या पोकळीत वितळलेलं प्लास्टिक दाबाने भरायचं आणि थंड झालं की वस्तू बाहेर काढायची. वीस वर्षं मी स्कूटरच्या दिव्यांचे आणि मडगार्डचे साचे काढले. मूळची मी यवतमाळची. साचे काढायला पॉलिटेक्निकमध्ये शिकले, टोमणे मारायला पुण्यात.

मग देशाची दारं उघडली, लोक स्कूटर सोडून मोटारसायकली घ्यायला लागले आणि साहेबांना एक्स्पोर्टची स्वप्नं पडायला लागली. निनादने इंटरनेटवरून एक परदेशी गिऱ्हाईक शोधलं. त्यांना हवे होते ल्युअर. ल्युअर म्हणजे खोटं आमिष. गळाला गांडूळ लावण्याऐवजी प्लास्टिकचा मासा लावायचा. त्याच्या तोंडाखाली पारदर्शक पट्टी असते, तिला ओठ म्हणतात. दोरीने ओढलं की पाणी ओठावर आपटतं आणि मासा डावी-उजवीकडे डुलतो. मोठ्या माशाला वाटतं, हा जखमी आहे, आयता मिळतोय. तो झडप घालतो आणि फसतो. तिकडे लोक हे छंद म्हणून करतात आणि पुष्कळदा पकडलेला मासा परत सोडून देतात. हे ऐकून आमच्या शॉप फ्लोअरवर अर्धा दिवस काम बंद होतं.

गिऱ्हाइकाने नमुना पाठवला होता, माहितीचा कागदही पाठवला होता. आम्ही नमुना मोजायचा आणि तसाच साचा काढायचा, इतकं सरळ काम. पण निनादला त्यात 'व्हॅल्यू ॲड' करायची होती. हिंजवडीत त्याच्या मित्रांची डिझाइनची कंपनी होती. त्यांनी कॉम्प्युटरवर मॉडेल बनवून सीडी पाठवली. मॉडेल सुरेखच होतं. खवलं न् खवलं दिसत होतं. त्या मुलांनी मासा फक्त ताटात पाहिला असावा, आणि त्यातले दोघे तर शाकाहारी होते.

त्या मॉडेलच्या मंजुरीच्या कागदावर मी सही केली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ते महत्त्वाचं आहे.

साचा शिंद्यांनी बनवला. काशिनाथ शिंदे आमचे टूलमेकर. चऱ्होलीचे, इंद्रायणीकाठचे शेतकरी. शेती बिल्डरच्या लेआउटखाली गेली, हे पोलादात आले. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांच्या हाताखालून गेलेल्या साच्याचे दोन अर्धे असे मिटायचे की मध्ये केस धरला तरी अडकावा.

पहिले पन्नास नमुने परदेशी गेले. तीन आठवड्यांनी ई-मेल आला. निनादने तो साहेबांच्या केबिनमध्ये वाचून दाखवला. तुमचे मासे ओढल्यावर डुलत नाहीत, आडवे पडतात. खाऱ्या पाण्याचे निळे अजून पाहिलेच नाहीत. आमच्या खरेदी-प्रमुख पुढच्या आठवड्यात भारतात येत आहेत, तेव्हा काय ते ठरवू.

"मोल्डचा प्रॉब्लेम आहे," निनाद म्हणाला. "मिसमॅच. दोन हाफ नीट बसत नाहीत."

"तुम्ही मोजलंत?" मी विचारलं.

"मॅडम, मॉडेल परफेक्ट आहे. मग दुसरं काय असणार?"

संध्याकाळी शिंद्यांना मेमो मिळाला. कामात हलगर्जी, कंपनीची प्रतिमा मलिन, पुन्हा असं घडल्यास सेवा समाप्त करण्यात येईल. शिंद्यांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागायचा, पण 'टर्मिनेशन' हा शब्द त्यांनी आधीच शोधला होता.

"मॅडम, ह्यात 'टार्निश' म्हंजी काय लिवलंय?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. एकतीस वर्षांत या माणसाला कुणी 'पुन्हा मोजा' असंसुद्धा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साचा मोजला. दोन अर्ध्यांतला फरक दोन शतांश मिलिमीटर निघाला. म्हणजे काहीच नाही. मग मी एक गोष्ट केली, जी तोपर्यंत आमच्यापैकी कुणीच केली नव्हती. हेडने केली नव्हती, हिंजवडीने केली नव्हती, मीही केली नव्हती. मी मासा पाण्यात टाकला.

मशिनं थंड ठेवण्यासाठी कारखान्यामागे पाण्याचं लांबलचक टाकं होतं. शिंद्यांनी दोरी बांधून मासा ओढला. तो चार हात सरळ आला आणि कुशीवर वळला.

"ह्यो झोपलाय," शिंदे म्हणाले. "असला मासा नदीत कुनी खात नाय. मेलेलाच हाय म्हनून सोडून देत्यात."

गिऱ्हाइकाचा मूळ नमुना ओढला. तो दारू प्यायलेल्या माणसासारखा झोकांड्या खात, पण कुशीवर न पडता आला.

आम्ही दोन्ही मासे करवतीने उभे कापले. ल्युअरच्या पोटात लोखंडी छर्रे असतात. ते वजन तळाशी असलं की मासा सरळ राहतो, वर गेलं की उलटतो. मूळ नमुन्यात छऱ्यांचा कप्पा अगदी पोटाला टेकून होता. आमच्यात तो सहा मिलिमीटर वर सरकला होता. का सरकला? कारण पोटाच्या आतल्या जागेत प्लास्टिक जाड केलं होतं. जाड का केलं? कारण बाहेरून तिथे आमच्या कंपनीचं नाव खोल अक्षरांत कोरायचं होतं. ही व्हॅल्यू ॲड.

शिंद्यांनी नाव अंगठ्याने चाचपलं. "मॅडम, मासा पोटाखालून वाचत येतो का?"

मी आमच्या दुसऱ्या एका माशाच्या पोटाला भोक पाडलं, खाली शिशाचे दोन मणी बसवले, वरचे छर्रे काढले आणि भोक बुजवलं. साचा तोच, अर्धे तेच. मासा डुलत आला. शिंदे टाक्याच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी तो पुन्हा पुन्हा ओढला. सहा-सात वेळा तरी ओढला असेल. मी थांबवलं नाही.

मग निळा मासा. मी वाण्याकडून जाडं मीठ आणलं आणि एका पिंपात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशोबाने विरघळवलं. समुद्र साधारण तेवढाच खारट असतो. गिऱ्हाइकाच्या कागदावर लिहिलं होतं, ओढणं थांबवलं की मासा जिथल्या तिथे तरंगत राहिला पाहिजे. साध्या पाण्यात तो राहत होता. मिठाच्या पाण्यात तो बुचासारखा वर आला, कारण खारं पाणी जड असतं आणि वस्तू वर ढकलतं. हे शाळेत शिकवतात. तीन दिवसांनी त्याच्या पोटाखाली लटकणाऱ्या गळांवर तांबडा गंज चढला. निळ्या रंगाला मात्र काही झालं नाही. रंग उत्तम होता.

आडवा पडणारा, भोक पाडलेला आणि गंजलेला निळा असे तिन्ही मासे घेऊन मी साहेबांकडे गेले. निनाद तिथेच होता.

"फ्लोटेशन आपण पेंटने मॅनेज करू," तो म्हणाला.

"कसं?"

"जाड कोट देऊ."

"आणि गंज?"

"मॅडम, तुम्ही निगेटिव्ह होताय."

मी साहेबांकडे वळले. "साहेब, शिंद्यांची चूक नाही. मॉडेल चुकलंय आणि मॉडेलवर सही माझी आहे. मेमो द्यायचाच असेल तर मला द्या. त्यांचा मागे घ्या."

"राऊतबाई, आधी ती बाई येऊन जाऊ दे," साहेब म्हणाले. "मग शिंद्यांना मी तोंडी सांगतो."

"दिलाय लेखी. मागे घ्यायचा तोही लेखी घ्या."

साहेबांनी फोन उचलला. त्यांना बोलणं संपवायचं असलं की ते कुणाला तरी फोन लावायचे.

गिऱ्हाइकाच्या खरेदी-प्रमुख मार्गारेटबाई सोमवारी आल्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात बूट. निनादने कॉन्फरन्स रूममध्ये पडदा लावला होता. हिरवा मासा फिरला, निळा फिरला. बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "पाणी कुठे आहे?"

निनादच्या प्रेझेंटेशनमध्ये पाण्याची स्लाइड नव्हती. मी त्यांना टाक्याकडे नेलं. बाईंनी पिशवीतून स्वतःची गळाची काठी काढली. आमचा न बदललेला मासा आडवा पडला. भोक पाडलेला त्यांनी तीनदा ओढला. "हा कुणी केला?" त्यांनी विचारलं. मी शिंद्यांकडे आणि स्वतःकडे बोट दाखवलं. बाईंनी शिंद्यांशी हात मिळवला. शिंद्यांनी आधी हात पॅंटला पुसला.

"आणि समुद्राचा?"

"सेम प्रॉडक्ट, मॅम," निनाद म्हणाला. "इन ब्लू."

बाई त्याच्याकडे वळल्या. "तू समुद्रात कधी गेला आहेस?"

"गोव्याला," निनाद म्हणाला.

मी बाईंना मिठाचं पिंप दाखवलं आणि गंजलेले गळही. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण लपवून उपयोग नव्हता. त्यांना ते तिकडे समुद्रात कळलंच असतं. खाऱ्या पाण्यासाठी वेगळं वजन, गळ अडकवायला जाड कड्या आणि मुलामा दिलेले गळ लागतील, दीड महिना द्या, असं मी सांगितलं. बाई म्हणाल्या, तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण समुद्राचा माल आता आम्ही दुसरीकडे बघू. ज्यांनी रंग बदलून समुद्र बदलला, त्यांच्यावर मी तो सोपवू शकत नाही. हे त्या हसत म्हणाल्या. साहेबही हसले, काय करणार.

गोड्या पाण्याची ऑर्डर राहिली. शिंद्यांनी साच्यातला पोटाचा तुकडा बदलला, कंपनीचं नाव गेलं, मासा डुलायला लागला. ते काम आम्ही पुढे बरीच वर्षं केलं. समुद्राचं काम, जे मोठं होतं, ते कायमचं गेलं.

निनाद सहा महिन्यांत खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. त्याच्या बायोडेटात 'दोन आंतरराष्ट्रीय उत्पादनांचं यशस्वी लाँच' असं लिहिलं होतं, असं त्यानेच मला अभिमानाने सांगितलं. दोन म्हणजे हिरवं आणि निळं.

बाई गेल्या त्याच आठवड्यात शिंद्यांचा मेमो मागे घेतल्याचं पत्र निघालं, लेखी, सहीशिक्क्यासह. शिंद्यांनी ते चार घड्या घालून खिशात ठेवलं आणि मशिनवर गेले. माझ्या टेबलावरही एक पाकीट होतं. मॉडेल न तपासता मंजूर केल्याबद्दल मेमो. बर्वेसाहेब शब्दाला जागणारे होते. मी मागितला होता, त्यांनी दिला. भाच्याने मागितला नव्हता, म्हणून त्याला मिळाला नाही.

मेमोत लिहिलेलं खरं होतं, तेव्हा मी पोच दिली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, जी वस्तू पाण्यात जायची ती पाण्यात घातल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही केली नाही. याला कुठलंही सॉफ्टवेअर लागत नाही. फक्त बाही वर करावी लागते.