हॉलंडहून आणलेली सवय

विनिताचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. उठल्यावर ती आधी घरचा संडास घासायची. मग कामणच्या गोदामात सातची पाळी, आठ तास उभ्याने खोकी बांधायची. उमेळे गावात सगळ्यांना तिची कीव येई. बापाच्या नोकरीपायी तेराव्या वर्षी हॉलंडला गेली, सतराव्या वर्षी परतली, आणि एवढं विमानभाडं खर्चून शिकली काय, तर संडास घासायला.

तिथे पंधराव्या वर्षी ती दर शनिवारी टोमॅटोच्या मळ्यात कामाला जायची. संडास एकच. मालकाला तोच, मजुरांनाही तोच. धुवायच्या पाळ्या ठरलेल्या, त्यात शुक्रवार मालकाचा, असं ती घरी सांगायची. इतका मागासलेला देश.

इथे तिच्या जितेशकाकांच्या केळीच्या बागेत जयवंती बावीस वर्षं खुरपत होती. पूर्वी बायका केळींच्या आड जात. आता कुंपणाला खेटून सात मजली इमारती आल्या, आणि फ्लॅटवाल्यांना खिडकीतून फुकट बागेचा देखावा मिळाला. जयवंती कामावर घोटभर पाणी पीत नसे. दोनदा लघवीला जळजळ होऊन तापाने पडली. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडाला जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

जेवताना विनिता म्हणाली, "काका, मावशींना मागचा संडास वापरू द्या ना."

मागचा संडास टाइल्सचा, कुलूपबंद. वर्षातून दोनदा उघडायचा.

"तो पाहुण्यांचा गो."

"मावशी बावीस वर्षं येतायत."

"रोज येतो तो पाहुणा कसा?"

आजोबा हरिभाऊ म्हणाले, "जितेश, तू आपला शुक्रवार धर." सगळं घर हसलं. हसायला मेहनत पडत नाही.

"मग मी बांधते. जागा तेवढी द्या."

महिन्याभरात खूळ उतरेल म्हणून काकांनी मोठ्या मनाने उकिरड्याशेजारची जागा दिली.

ऑगस्टीन गवंड्याने विहिरीपासूनचं अंतर टेपने मोजलं. "खड्डा कोण खणणार?"

"मी."

"हात बघू." त्याने तळवे पाहिले. "अर्धा खण. पुढचं मी बघतो."

तिला सहा रविवार लागले. एक बाजू तिरकी गेली, ती त्याने पुन्हा तासायला लावली. काका ओट्यावर बसून फावडं कसं धरावं ते सांगत. स्वतः त्यांनी फावड्याला कधी हात लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

जयवंती घमेली उचलायला आली. "लोक काय बोलतील, बाय?"

"बोलतायतच, मावशी."

खड्डा झाला, भिंती उभ्या राहिल्या. नारळ काकांनी फोडला. त्या दिवसापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले, आमच्याकडे मजुरांची पहिल्यापासून सोय असते.

विनिताचा चार महिन्यांचा पगार गेला. त्यात विटा, सिमेंट, पत्रा आणि भांडं आलं, ऑगस्टीनची मजुरी भागली, आणि दाराला आतून लावायची कडी आली.