खंडेनवमीची रायफल

माझ्या बायकोच्या काकांइतका मनापासून, पद्धतशीर आणि सातत्याने घाबरणारा माणूस पुणे शहराच्या हद्दीत दुसरा झाला नाही. पिंपरी-चिंचवडचं मी सांगत नाही, तिकडे माझी फारशी ओळख नाही. बाकीची माणसं प्रसंग आला की घाबरतात. काका प्रसंगाची वाट बघत बसत नसत. विश्रांतवाडीला त्यांनी फ्लॅट घेतला तो तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यावरून माणूस पडू शकतो. तळमजल्यावर पाणी शिरू शकतं म्हणून घराची सगळी कागदपत्रं माळ्यावर. आणि माळ्यावर चढताना शिडी घसरू शकते, म्हणून ती काढायची वेळ आली की शनिवार पेठेतून मला बोलावणं. "जावईबापू, तुमचं वजन कमी आहे," असं ते खालून शिडी धरून म्हणत. म्हणजे पडलो तर आवाज कमी होईल, असा त्याचा अर्थ मी घेत असे. शिडी मात्र ते इतकी घट्ट धरत की त्यांच्या बोटांवर वळ उठत.

बाहेरगावी जायचं म्हणजे तर सोहळाच. स्वारगेटला एसटी सुटायच्या कितीतरी आधी जाऊन बसायचे, आणि गाडी लागली की चढण्यापूर्वी ड्रायव्हरपाशी जाऊन अत्यंत अदबीने विचारायचे, "आपली झोप व्यवस्थित झाली ना?" एकदा कोल्हापूरच्या गाडीचा ड्रायव्हर तंबाखू मळता मळता म्हणाला, "माझी झाली काका, तुमचीच राहिलेली दिसतीय." तेवढ्याने काकांचं समाधान होणार थोडंच! त्यांनी त्याला डोळे मोठे करून दाखवायला लावले. दोन हजार साल उजाडणार होतं, जगातले सगळे संगणक एका फटक्यात बंद पडणार अशी हूल उठली होती, तेव्हा काकांनी घरातल्या बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा पाण्याने भरून ठेवला आणि विजेचा मेन स्विच बंद केला. घरात संगणक नव्हता. काकू मेणबत्तीच्या उजेडात पोळ्या लाटत म्हणाल्या, "या माणसाबरोबर जन्म गेला माझा, पण कंटाळा म्हणून कधी आला नाही हो." जगाचं काही बिघडलं नाही. उलट त्याच हुलीच्या कृपेने काकांचे चिरंजीव प्रसाद त्याआधीच संगणक दुरुस्त करायला बायको-मुलासकट अमेरिकेला गेले होते, ते तिकडचेच झाले. काकांना घाबरायला आणखी एक अख्खा देश मिळाला.

आता गंमत ऐका. या माणसाने उभी हयात काडतुसांच्या कारखान्यात काढली होती. काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी, आत दारू आणि टोकाला गोळी. ती नीट उडते का हे तपासायचं काम काकांकडे. रायफल लोखंडी शिकंज्यात आवळायची, आपण भिंतीआड उभं राहायचं आणि दोरी ओढायची. हजारो गोळ्या उडवल्या, पण खांद्याला बंदूक लावली नाही कधी. असला भित्रा माणूस असल्या नोकरीत गेलाच कसा, असं सगळे हसून म्हणत. मीही म्हणत असे. त्यावर ते एकदाच म्हणाले, "अहो, ते काडतूस तळहातावर घेतलं ना, की कळतं माणसाला, केवढ्याशा जागेत काय काय मावतं." मी तेव्हा विषय बदलला.

आणि एका सकाळी प्रसादचा फोन आला. नातू ईशान चौदा वर्षांचा झाला होता. शेजारचे एक दाढीवाले गृहस्थ दर हिवाळ्याच्या तोंडावर डोंगरात एल्कच्या शिकारीला जात, या वेळी ते आपल्या मुलाबरोबर ईशानलाही नेणार होते. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, घोड्याएवढा. तिकडे त्याची शिकार रीतसर परवान्याने चालते. आता रायफल कुठली घ्यायची आणि काडतूस कुठलं, एवढंच बाबांनी सांगावं. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. दोन दिवस त्यांचं एकच पालुपद, "नाही म्हणजे नाही. वरणभात खाणाऱ्या पोराला शिकार कशाला हवी?" मग ईशानच फोनवर आला. त्याच्या तुटक मराठीत म्हणाला, "आजोबा, शाळेत सगळे जातात. मी नाही गेलो तर मी परत एकटा." हा 'परत' काकांना लागला. पोर तिकडे एकटं पडतंय ही भीती त्यांना नवीन होती, आणि ती बंदुकीच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

मग जे सुरू झालं ते विचारू नका. लग्नासाठी स्थळं पाहावीत तशी काका काडतुसं पाहू लागले. दाढीवाल्यांचं म्हणणं होतं, मोठं जनावर, मोठी गोळी. तीनशेचं मॅग्नम घ्या, म्हणजे भलतंच दांडगं काडतूस. काडतुसांची नावं अशी आकड्यांचीच असतात. काकांनी मला गॅलरीत उभं केलं, माझ्या हातात छत्री देऊन ती रायफलसारखी धरायला लावली आणि म्हणाले, "गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, बरं का. हे दोनशे त्रेचाळीस." त्यांनी छत्रीच्या मुठीला तळव्याने हलकेच धक्का दिला. "पोराला सोपं, पण एल्कला थोडं कमी पडतं. नुसतं जखमी होऊन पळायचं बिचारं. हे तीनशे आठ." मी अर्धं पाऊल मागे गेलो. "आणि हे तुमच्या दाढीवाल्यांचं मॅग्नम!" मी चपलांच्या स्टँडवर बसलो होतो. आतून काकू ओरडल्या, "अहो, जावई आहेत ते!" काका मात्र माझा खांदा चाचपत अगदी गंभीरपणे विचारत होते, "आता पुन्हा धरा म्हटलं तर डोळे मिटाल की नाही? खरं सांगा." मी मिटले असते. "झालं तर! ज्या बंदुकीला पोर घाबरतं ती त्याच्या हातात द्यायची नाही. डोळे मिटून मारलेली गोळी कुठे जाईल, देवाला ठाऊक."

शेवटी ठरलं सात मिलिमीटर झिरो एट नावाचं काडतूस. धक्का बेताचा, पण गोळी वजनदार, हाडावर आपटून विखरायची नाही, सरळ आत जायची. अंतराची अट काकांनी घातली: जनावराचे कान वेगवेगळे दिसत नसतील तर उडवायची नाही. रायफलीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, तोही त्यांनी कापून आखूड करायला लावला. कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर ईशानला कोपर वाकवून उभं केलं आणि सूनबाईंकडून शिंप्याच्या टेपने हाताचं माप घेतलं. पोरगं हसत होतं, काका घामाघूम. "खांद्यात घट्ट धर, बाळा. सैल धरलीस तर लागेल." असं ते इतक्यांदा म्हणाले की मलाच पाठ झालं.

शिकारीला निघायचा दिवस आला तो नेमका आपल्या खंडेनवमीच्या सकाळी, म्हणजे तिकडे आदल्या संध्याकाळी. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. कारखान्यात काकांनी ती कधी चुकवली नव्हती. तेव्हा रायफलीची पूजा केल्याशिवाय पोर बाहेर पडणार नाही, हा हुकूम सुटला. मीही सकाळीच दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं घेऊन विश्रांतवाडीला पोचलो होतो. स्क्रीनवर सूनबाईंनी पाटाशेजारी रायफल भिंतीला टेकवून उभी केली होती, नळी वर. हळदकुंकू लावलं. मग काकांनी इकडून मंत्र म्हटले आणि त्यांनी तिकडून रायफलीवर ओल्या कुंकवाच्या अक्षता वाहिल्या, नवरानवरीच्या डोक्यावर टाकतात तशा, वरून, मूठभर. शेवटी झेंडूचं फूल देठासकट नळीच्या भोकात खोचलं. "छान दिसतंय हो!" काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. देवाधर्माच्या वेळी भीती बाहेर चपलांपाशी काढून ठेवायची सवय होती त्यांना. ईशान पाया पडला, दाढीवाल्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला आणि पोर गेलं.

दुपारी आम्ही जेवायला बसलो. काकूंनी काकांच्या ताटात भाताची मूद घातली. काका तिच्याकडे बघत राहिले. वरण वाढलं तरी हात ताटाकडे जाईना. "काय झालं?" मी विचारलं. ते हळूच म्हणाले, "जावईबापू, अक्षता कुठे गेल्या हो?"

मला कळायला वेळ लागला. त्यांनी समजावलं तेही अगदी शांतपणे. नळी वर होती. अक्षता वरून टाकल्या. ओला तांदूळ आत चिकटून राहतो, वरून फुलाने तो दाबलेला. फूल काढलं असेल, पण तांदूळ? "नळीत अडथळा असला की दारूचा जोर पुढे जात नाही. नळी फुटते. आणि गाल तिथेच टेकवलेला असतो." माझ्या हातातला घास तसाच राहिला. आयुष्यभर नसलेल्या गोष्टींना घाबरलेला हा माणूस, आणि जिथे खरोखर घाबरायचं तिथे हात जोडून बसला होता.

फोन लावला. ईशानचा लागेना, डोंगरात रेंज नाही. प्रसाद झोपेतून उठला. "बाबा, इथे मध्यरात्र आहे. तुमचं आपलं नेहमीचंच काहीतरी." आणि त्याचं तरी काय चुकलं? याच बाबांनी त्याला लहानपणी चिंचोके खाल्ल्यावर दवाखान्यात नेलं होतं. काकांनी सूनबाईंना विचारलं, "फूल काढलंस?" "काढलं ना बाबा." "आणि अक्षता?" तिकडून बारीक आवाजात, "पडल्या असतील ना खाली?" आणि तेव्हा, माझ्या देखत पहिल्यांदा आणि शेवटचे, काका ओरडले, "प्रसाद! आत्ताच्या आत्ता गाडी काढ!" प्रसादने गाडी काढली.

पुढची दुपार मला आठवायलाही नको वाटते. डोंगर तिथून काही तासांच्या रस्त्यावर होता, आणि शिकारी उजाडायच्या आत जागा धरून बसतात. म्हणजे आपल्याकडे दिवेलागण झाली की तिकडे पहिली गोळी. काका गॅलरीत खुर्चीवर बसून होते, आणि बोलत नव्हते. हेच भयंकर होतं. एरवी पाल चुकचुकली तरी तासभर बोलणारा माणूस! मी उगाच म्हणालो, "काका, दाढीवाले जुने शिकारी आहेत, बघतीलच की नळी." त्यांनी मान हलवली. "अंधारात भरतात हो काडतूस. आणि पोराची बंदूक पोराच्याच हातात असते." समोरून शाळेतून सुटलेली मुलं ओरडत गेली. ऊन कलू लागलं तसा मी दर दोन मिनिटांनी घड्याळ बघू लागलो. खरं सांगतो, इतकी वर्षं ज्यांच्या भीतीला हसलो, त्यांच्याबरोबर बसून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटातून घाबरलो. काकूंनी देवापुढे दिवा लावला आणि तिथेच बसून राहिल्या. काका मला म्हणाले, "मी त्याच्यासाठी सगळ्यात शांत बंदूक निवडली होती हो." मी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ सरकवला.

फोन वाजला तेव्हा चांगलाच अंधार पडला होता. काकांना उचलवेना. मी स्पीकर चालू केला. "आजोबा?" ईशानचाच आवाज! काकूंनी तिथूनच हात जोडले.

प्रसाद पोचला तेव्हा हे लोक डोंगर चढून गेले होते, आणि तो खाली गाडीपाशी उभा राहून गोळीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून देवाला आळवत होता. वर ईशानच्या समोर एल्क आला. अगदी जवळ, कान वेगवेगळे दिसत होते, नाकातून वाफ निघत होती. दाढीवाले कुजबुजले, "आता!" ईशानने रायफल उचलली, खांद्यात घट्ट धरली, गाल टेकवला. "आणि मग आजोबा, माझे हात हलायला लागले. आय वॉज सो स्केअर्ड. मला नाही जमलं. मी खाली ठेवली गन." एल्क निघून गेला. मग काडतूस काढताना दाढीवाल्यांनी नळी उजेडाकडे धरून पाहिली. आत लाल तांदूळ गच्च बसलेला. ते तिथेच दगडावर खाली बसले. पण ईशानला त्या तांदळाचं काहीच वाटत नव्हतं. त्याला रडू येत होतं ते वेगळ्याच कारणाने. "आजोबा, मी सगळ्यांसमोर घाबरलो."

काका फोनच्या अगदी जवळ वाकले. "खूप घाबरलास?"

"हो."

"शाबास रे माझ्या राजा," काका म्हणाले. काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते पुढे म्हणाले, "असाच घाबरत जा. कोणी हसलं तर हसू दे." मग स्वयंपाकघरात जाऊन लहान मुलासारखे रडले. मी ऐकू येत नसल्यासारखं केलं.

काका जाऊन आता काही वर्षं झाली. झोपेत गेले, घाबरायला सवडही मिळाली नाही. काकू म्हणाल्या होत्या, "एवढं तरी बरं झालं." ईशान आता नोकरी करतो, बर्फात मोटरसायकल चालवतो, विमानातून उड्या मारतो. मागच्या डिसेंबरात पुण्याला आला होता. परत जाताना मी विमानतळावर सोडायला गेलो, तेव्हा गाडीत म्हणाला, "आजोबा गेल्यापासून मी कुठेही जातो, काहीही करतो. कोणी काही म्हणत नाही. मला वाटलं होतं, छान वाटेल. नाही वाटत."

मी म्हटलं, पोचलास की फोन कर. तो हसला, "करतो की." पण त्याचा फोन येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागलं नाही. विमान, हवामान, तिकडचा बर्फाळ रस्ता, सगळं डोक्यात येऊन गेलं. काकांइतकं घाबरणं मला काही जमायचं नाही, पण त्या पोरासाठी कोणीतरी घाबरायला हवं ना.