शेणींची रास आणि रोजचा फोटो

टिळकवाडीतला फ्लॅट बंद करून आम्ही निपाणीजवळच्या एका खेड्यात राहायला आलो आणि पन्नाशीतल्या माणसाला न शोभणारं एक वेड मला लागलं. स्कूटर थांबवून रस्त्याकडेचं बघत उभं राहायचं. बसथांब्याच्या बाकावर शेळी बसलेली असे, तिकिटाचे सुटे पैसे जवळ असल्यासारखी निवांत. एकदा मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईनं भलामोठा आरसा धरला होता आणि त्यात सगळा ऊस उलटा पळत होता. मी टाळ्या वाजवल्या. बाईनं मान फिरवली.

सगळ्यांत लाडकी होती वळणावरची शेणींची, म्हणजे वाळलेल्या गोवऱ्यांची, रास. माझ्याएवढी उंच, वरून शेणानं लिंपलेली, लिंपणावर बोटांनी ओढलेल्या लाटा, कणसं, मोरपिसं. रोज सकाळी मी तिचा फोटो काढी. कधी लांबून, कधी गुडघे टेकून. बायकोला लांबी सांगता यावी म्हणून एकदा पावलांनी मोजलीही.

दुसऱ्या दिवशी जातो तर अर्धी रास गायब. साठीची एक बाई बुट्टीत शेणी भरून घराकडे पळवत होती. मला बघून थांबली.

"साहेब, दोन दिस दम धरा की. हलवाय लागलोय न्हवं?"

"कशाला हलवताय, आक्का?"

"कशाला म्हणं! रोज फोटू काढतायसा, काल पावलं टाकून मोजलासा. रस्ता रुंद करणार, व्हय? पावसाळ्याचं जळण हाय ह्ये. घरात भरलं तर आमी झोपायचं कुठं?"

मी कुठल्याही ऑफिसचा नाही, नक्षी आवडते म्हणून थांबतो, असं मी सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"शेणाचा फोटू? आवडतंय म्हणून?"

"व्हय."

"घरात कोण बोलत न्हाय काय रं तुझ्यासंगं?"

मी मोबाईल पुढे केला. बाकावरची शेळी दिसताच ती ओरडली, "ही आमचीच की! आनि मी हिला गावभर हुडकतोय!" पुढे तिचीच रास, नाना अंगांनी. ते सगळे बघून ती म्हणाली, "तुझ्यापायी उतरवली, आता तूच रच."

दुपारपर्यंत मी शेणी वाहिल्या. माझी ओळ तिनं दोनदा पाडली. "पुस्तकं लावल्यागत लावू नको, आत पाणी जातंय!"

पण नवी रास ती जुन्या जागी रचू देईना. रस्त्यापासून चांगले चार हात मागे, घराच्या भिंतीला लागून तिनं पाया धरला होता.

"आक्का, मी ऑफिसचा न्हाय, पटलं न्हवं?"

"तू न्हाईस रं," ती वाकूनच म्हणाली. "पन येणारा काय सांगून येतोय? ती ऱ्हायलेली अर्धीबी उतरव."

उरलेल्या अर्ध्या राशीवरच मोरपिसं होती. लिंपण फोडल्याशिवाय आतल्या शेणी निघत नव्हत्या. मी मोरपिसांच्या कडेनं बोटं घातली.