लाकडावरची टाइल

ठकठक मिस्त्री घरात शिरले की नमस्कार नाही, चहाला हो-नाही नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, उकिडवं बसायचं आणि थापीच्या लाकडी मुठीनं फरशी वाजवत घरभर सरकायचं. मान एका बाजूला, डोळे मिटलेले. मध्ये काही विचारलं तर हात वर करून गप्प करायचे. मी शाळेत जन्मभर पोरांना गप्प बसवलं. मला गप्प बसवणारा हा एकच माणूस. खरं नाव गोंदियाजवळच्या आमच्या फुलचूर गावात कोणालाच माहीत नव्हतं.

टाइल लावून झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे आणि एकेक टाइल वाजवायचे. पोकळ आवाज आला की स्वतःच उचकटायचे. माझ्या शेजाऱ्यानं एकदा हात जोडले, "राहू द्या, पलंगाखालची आहे, कोण पाहते?"

"मी पाहून राहिलो ना," मिस्त्री म्हणाले आणि पलंग सरकवायला लावला. शेजारी आठवडाभर त्यांच्या नावानं बोटं मोडत होता. पण पुढच्या खोलीचं काम निघालं तेव्हा त्यानं त्यांनाच बोलावलं.

आमच्या हॉलमध्ये तेव्हा लाकडी फरशी होती. लाकडी म्हणजे काय, लाकडाचा फोटो चिकटवलेल्या भुशाच्या पट्ट्या आणि खाली फोम. नागपूरला साडूकडे पाहिली आणि हट्टानं आणली. दोन पावसाळ्यांत पट्ट्यांच्या कडा पापडासारख्या फुगल्या. अशात मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. हातात पाच दिवस होते, म्हणून मिस्त्रींना बोलावलं.

त्यांनी दोन मिनिटं ठकठक केली आणि उठले. "हे पयले उखडा गुरुजी. लाकूड पाण्याच्या दिवसात फुगते, उन्हाळ्यात बसते. पाय पडला का खालचा फोम दबते. टाइलले दबता येत नाही, ते फुटते."

उखडणं, खाली सारखं करणं, मग टाइल. आठ दिवस तरी लागणार होते. मी म्हणालो, वरूनच लावा. ते नाही म्हणाले. मी चिडलो, मग विनवलं. मुलाचे वडील बिल्डिंगांचे ठेकेदार, त्यांच्यासमोर ही फुगलेली फरशी कशी दाखवू? शेवटी म्हणालो, "मिस्त्री, पोरीचं काम आहे हो."

त्यांनी थापी पुन्हा हातात घेतली. मग पट्ट्या स्क्रूनं आवळल्या, वर जाळी ठोकली, टाइल चिकटवायचं केमिकल लावलं आणि चार दिवसांत हॉल आरशासारखा केला. जाताना एवढंच म्हणाले, "पाणी लागलं का हे उठन. मी नाही म्हणलो होतो, ध्यानात ठेवजा जी."

"ठेवीन," मी म्हणालो.

साक्षगंध थाटात झालं. व्याह्यांना काम इतकं आवडलं की त्यांनी तिथंच आपल्या तीन मजली बिल्डिंगची सगळी फरशी मिस्त्रींना देऊ केली. मिस्त्रींना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गुडघे कामातून गेले होते त्यांचे. "आता वर्षभर एकाच जागी बसून काम हाय जी. गावोगाव सायकल नाही हाणा लागत."

श्रावणात सहा टाइल उठल्या. मी निरोप धाडला, मिस्त्री लगेच आले. ते उचकटत बसले असतानाच लग्नाची बोलणी करायला व्याही दारात उभे. त्यांनी खालच्या पट्ट्या पाहिल्या आणि भुवया चढवल्या. "लकड़ी के ऊपर? किसने बोला था ऐसा करने को?"

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं.

एक शब्द पुरला असता. पण व्याही काय म्हणतील, घाईत वरवरचं काम उरकणारी माणसं म्हणून मुलीला ऐकावं लागेल, असलं काहीबाही डोक्यात आलं आणि मी म्हणालो, "मी तर उखडाच म्हणत होतो. मिस्त्रींनी ऐकलं नाही."

मिस्त्री फरशीकडे पाहत म्हणाले, "हो जी. माहीच चूक झाली."

बिल्डिंगचं काम दुसऱ्याला गेलं. गोंदियात मिस्त्रीचं नाव व्हायला वीस वर्षं लागतात, जायला एक ठेकेदार पुरतो. मिस्त्रींना कोणी बोलावेना. त्या वयात ते हैदराबादकडे गेले, दुसऱ्यांच्या कामावर टाइलच्या पेट्या वाहायला. व्याह्यांना खरं सांगायचं मी लग्नापर्यंत लांबवलं, मग दिवाळीपर्यंत, मग नातवाच्या बारशापर्यंत. मला माझी लाज वाटते, पण लाज वाटून काय होतं, रोज जेवतोच आहे.

मागच्या वर्षी मिस्त्री तिकडेच वारले. कळलं तेव्हा बिरसीच्या पलीकडे त्यांच्या गावी गेलो. या वेळी सगळं सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. अंगणात त्यांची बायको धान पाखडत होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला.

"ते सांगत होते तुमचं," ती म्हणाली. "म्हणत, म्हातारपणी डोस्कं नाही चाललं, गुरुजी उखडा म्हणत होते तं ऐका लागत होतं. त्याईच्यापायी पोरीच्या सासरच्यायपुढं तुमची मान खाली गेली. आमाले माफ करा जी."

तिनं हात जोडले. अंगणात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं.

"असू द्या," मी म्हणालो.