पालीच्या चर्चमधली भावाची मिस्सा

मीरा रोडच्या आमच्या इमारतीत कुणी ऊद जाळला, की मला समुद्राकाठच्या आमच्या पाली गावातल्या चर्चमधली नव्वदच्या दशकातली एक सकाळ आठवते. माझा मोठा भाऊ मासेमारीला गेला असताना होडीवरून समुद्रात पडला आणि पुन्हा सापडलाच नाही. पुरायला देह नव्हता, म्हणून फादरांनी त्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे सगळ्या गावाची प्रार्थना, ठेवली. आई मात्र घरातून हलेना. "मी न्हाय येनार. देवाशी बोलायला माझ्याकडं काय हाय?" बाबा तिच्याजवळ जमिनीवर बसले. "तू काय बोलू नको. सगले उठतील तवा उठ, बसतील तवा बस. येवढंच कर." ती आली. आत उदाचा आणि वितळत्या मेणाचा वास कोंडला होता. लोक उभे राहिले की ती उभी राहायची, त्यांनी गुडघे टेकले की टेकायची. ओठ मात्र घट्ट मिटलेले. मग सगळे गुडघ्यांवर असताना फादरांनी भावाचं नाव घेतलं आणि सगळा गाव दर रविवारच्याच सुरात म्हणाला, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक." सगळे थांबल्यावर आईचा फाटका आवाज एकटाच आला, तेच शब्द म्हणत. पुढच्या प्रार्थनेला लोक उठले, आईही उठली. बाबा तसेच गुडघ्यांवर राहिले, त्यांचे खांदे हलत होते. आईने त्यांच्या दंडाला धरलं. "उठा," ती हळूच म्हणाली, "लोक उभे हायत." आता दोघंही नाहीत. घरी एकटा असलो की मला प्रार्थना सुचत नाही. म्हणून मी रविवारी चर्चमध्ये जातो. तिथे सुरुवात दुसरं कुणीतरी करतं.