पाय धुण्याचा गुरुवार

"कातरीन, वास येतोय गं. तू मागे बस. पुढच्या वर्षी बघू."

सर एवढंच बोलले. हळू आवाजात, माझ्या आईच्या कानाशी वाकून. वेदीसमोर बारा खुर्च्या मांडल्या होत्या. चौथ्या खुर्चीत आई बसली होती. चपला काढून, पाय जवळ घेऊन. तिला आधी कळलंच नाही. ती सरांकडे बघून हसली. मग सरांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. ती उठेपर्यंत राहिला.

तो पवित्र गुरुवार होता. प्रभू येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी फक्त पुरुष बसायचे. आता बायकाही बसतात. आमच्या कोळीवाड्यातली बाई मात्र कधी बसली नव्हती. त्या वर्षी नव्याने आलेल्या फादरनी स्वतः आईचं नाव सांगितलं होतं. संध्याकाळची मिस्सा, म्हणजे उपासना, सुरू व्हायची होती, फादर आत झगा चढवत होते, तेवढ्यात हे झालं.

आई चपला हातात घेऊन मागे आली. घालायचंही तिला सुचलं नाही. सणाचं लुगडं, डोक्यात आबोलीची वेणी, हातात चपला. तिच्या खुर्चीत सरांची भावजय जाऊन बसली आणि खाली मान घालून पदर नीट करत राहिली. सगळ्या देवळाने बघितलं. कोणी काही बोललं नाही. आमच्या कोळीवाड्यातले लोकही होते, तेही बोलले नाहीत. गाणारे गातच होते.

मी उठले. आईने माझं मनगट धरलं.

"बस. देवल हाय ते."

मग फादर बाहेर आले आणि त्यांनी बारा जणांचे पाय धुतले. पुसले. मुके घेतले. मी एकेक पाय बघत होते. सगळे पाय स्वच्छ होते. बायकांनी नखं रंगवली होती. आमच्याकडची पद्धतच आहे ती. ज्यांचे पाय धुवायचे ते घरून घासूनपुसून येतात, म्हणजे फादरच्या हाताला मळ लागू नये.

आईनेही तेच केलं होतं. त्या आठवड्यात मासळीला किती मागणी असते ते बाजारात बसणाऱ्या बाईला विचारा. उपवासाचे दिवस, मटण बंद, आगाशीच्या बाजारात टोपली उतरवायची खोटी की माल संपतो. ते दिवस आईने सोडले. टोपली शेजारणीला दिली. वजरीने टाचा घासल्या. लिंबू चोळलं, साबण लावला, पुन्हा लिंबू चोळलं. अंगठ्याजवळ शिंगाळा माशाचा काटा घुसून झालेला जुना व्रण होता, तो काही जाईना. त्यालाही ती घासत बसली. निघताना मला म्हणाली, "बघ गो, येतय का वास?" मी तिच्या पायांशी वाकले. लिंबाचा वास येत होता. देवाशपथ सांगते, फक्त लिंबाचा.

आता हे सर कोण, ते सांगायला हवं. वाईट माणूस असता तर मी हे लिहायला बसले नसते. शिव्या घातल्या असत्या आणि मोकळी झाले असते.

सर म्हणजे शाळेतले माझे गुरुजी. केळीच्या वाडीचे मालक, जुनं घराणं, देवळाच्या कमिटीवर वर्षानुवर्षं. माझे बाबा होडीसकट गेले तेव्हा मी सहावीत होते. आईने मला शाळेतून काढून सुकी मासळी राखायला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बसवलं. सर चालत तिथवर आले. वाळूत उभं राहून आईला म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिला शाळेत पाठव. बारावीपर्यंत त्यांनी मला त्यांच्या पडवीत शिकवलं. एका पावसाळ्यात आमच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हा माडीवर कोळीवाड्याची निम्मी पोरंबाळं झोपवली ती सरांनीच. मी त्यांच्या माडीवर झोपले आहे. त्यांच्या बायकोच्या हातची पेज प्यायले आहे.

त्याच माणसाने माझ्या आईला उठवलं. हे दोन सर मला अजून एकमेकांशी जुळवता येत नाहीत.

आईने कुणाला दोष दिला नाही. दुसऱ्याच आठवड्यात सरांच्या घरी कोलंबी देऊन आली, निवडून. तिथे वास चालतो. ताटात येईपर्यंत चालतो.

पण ती बदलली. बाजारातून आली की न्हाणीत शिरायची ती बाहेरच येईना. हातपाय लाल होईपर्यंत घासायची. रविवारी देवळात यायची, पण आत नाही. बाहेर क्रूसापाशी उभी राहून मिस्सा ऐकायची. आत चल म्हटलं की म्हणायची, इथे वारा लागतो, बरं वाटतं. एकदा मी खूपच मागे लागले तर रडायलाच लागली. माझी आई, जी बाबांच्या मागे उभ्या बाजाराशी भांडून जगली, ती दाराबाहेर उभी राहून रडत होती.

मी फादरकडे गेले. सगळं सांगितलं. ते लालबुंद झाले, मान खाली घातली, म्हणाले, खुर्चीतली बाई बदललेली माझ्या लक्षातच आली नाही, सरांशी बोलतो. बोलले पण. सर त्यांना म्हणाले, माझ्या मनात काही वाईट नव्हतं, विधीचं पावित्र्य राहावं एवढंच होतं. प्रकरण तिथे संपलं. आईची माफी मागायला कोणी कोळीवाड्यात आलं नाही.

जुलैत एका रविवारी बायबलातला गव्हाचा आणि निदणाचा, म्हणजे तणाचा, दाखला वाचला गेला. मालकाने शेतात चांगलं बी पेरलं. वैरी येऊन त्यात निदण पेरून गेला. नोकर म्हणाले, उपटून टाकतो. मालक म्हणाला, नको. निदण उपटताना गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. फादर प्रवचनात म्हणाले, जगात चांगली आणि वाईट माणसं शेजारी शेजारी राहतात, न्याय देवावर सोपवावा, आपण धीर धरावा. बोलताना त्यांची नजर माझ्यावर आली. मिस्सा सुटल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, सरांनी केलेलं चांगलंही आठव.

मला ते आठवत नाही असं त्यांना का वाटलं?

घरी येऊन मी कालवण ढवळत होते आणि डोक्यात तोच दाखला फिरत होता. उपटू नका. बरोबर आहे. मी कुणाला उपटलं? माझ्या हातात विळा नाही, कमिटी नाही, खुर्च्या मांडायचा अधिकार नाही. उपटलं सरांनी. देवाने त्या खुर्चीत लावलेलं माणूस त्यांनी आपल्या हाताने उपटलं, कापणीची वाट न बघता. मग धीर धरायचा दाखला मला का ऐकवता? तो सरांना ऐकवा. घाई त्यांना झाली होती. चुलीपुढे मी मोठ्याने रडले. पण त्या दिवशी पहिल्यांदा रडताना मला लाज वाटली नाही.

आई नाताळाआधी गेली. साखरेचा आजार जुना होता, किडन्या थकल्या होत्या. सरांमुळे गेली असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण देवळाच्या आत पुन्हा न बसता गेली, हे खरं आहे. आत गेली ती पेटीतून.

तिला शेवटची आंघोळ मी घातली. पाय सगळ्यात शेवटी घेतले. शेजारीण साबण पुढे करत होती, मी नको म्हटलं. नुसतं पाणी घेतलं. अंगठ्याजवळचा तो व्रण तसाच होता. मी त्यावर ओठ टेकले. खारट लागलं, पण ते माझंच पाणी असणार.

अंत्यविधीला सर आले. या वयात पेटीला खांदा दिला. ढसाढसा रडले, आणि ते रडणं खरं होतं. मी बघत होते. मला त्यांचा राग यावा म्हणून मी मनात खूप धडपडले, पण मला त्यांना धरून बसवावंसं वाटत होतं.

आता टोपली मी घेते. आगाशीच्या बाजारात आईच्याच जागेवर बसते.

यंदा फादरनी बारा जणांत माझं नाव घेतलं. परवा सर घरी आले. काठी टेकत, वाडीतल्या केळ्यांची फणी घेऊन. आईच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "तुझं नाव आहे, मला आनंद झाला. फक्त त्या दिवशी बाजारात बसू नकोस. पाय नीट धुऊन ये."

मी त्यांच्यासाठी चहा टाकला होता. तो गाळून त्यांच्या हातात दिला.

"सर, पाय धुवायलाच बसवताय ना? मग धुतलेले कशाला आणू?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "तू आईसारखी नाहीस."

"नाही," मी म्हटलं.

केळी मी घेतली. कोळीवाड्यातल्या पोरांना वाटली. गोड होती.

येत्या गुरुवारी मी बाजार करणार. पहाटे अर्नाळ्याहून मासळी उचलणार, दिवसभर पाटावर बसणार, आणि टोपली रिकामी झाली की थेट देवळात जाणार. टाचांना खवले असतील. व्रण असतील, माझेही आता झालेत. मी चौथ्या खुर्चीत बसणार. शेजारच्या खुर्चीत सर असले तर असू देत. त्यांना मी उठवणार नाही, दुसऱ्या कोणी उठवायला गेलं तर त्यालाही अडवीन. त्यांचा निवाडा माझ्याकडे नाही. पण कोणी माझ्या कानाशी वाकलं, तर मी उठणार नाही. आणि उत्तर हळू आवाजात देणार नाही.